अक्काबाईची जागा

तिला अक्काबाई म्हणायचं, हा तिचाच हुकूम होता. आमच्या सोलापुराकडे अक्काबाईचा फेरा आला म्हणजे घरात अवदसा शिरली असं समजतात. तिच्या तंजावरी मराठीत मात्र तो थोरल्या बहिणीचा मान. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती खूश झाली असती, असं आता वाटतं.

पेरुंगुडीला नोकरी लागली आणि मी चेन्नईत आले तेव्हा तमिळचा ओ की ठो येत नव्हता. ऑफिसातली एक तंजावरी मुलगी म्हणाली, मैलापूरच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला एक ख्रिश्चन बाई मुली ठेवते, जेवण चांगलं देते आणि मराठी बोलते. ख्रिश्चन आणि मराठी आणि चेन्नईत? मी बॅग उचलून गेले. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर एक काटकुळी म्हातारी सांबाराचे बारके कांदे सोलत बसली होती. पांढरं सुती लुगडं, नाकात काही नाही, कपाळावर काही नाही, आणि डोळे असे की समोरच्याने आपोआप ओढणी सारखी करावी.

"दारू पितेस कीं?" तिने वर न पाहता विचारलं.

"नाही."

"रात्रीं घरच्यांस फोन लावून रडतेस?"

"नाही हो."

"रडशील. हळू रड. आदितवारीं देवळांत येशील कीं?"

देऊळ म्हणजे चर्च. इथले तमिळ ख्रिस्ती चर्चला कोयिल म्हणतात, पाळकाला अय्यर म्हणतात, आणि ही त्याचं आपलं मराठी करून देऊळ म्हणायची. मी म्हटलं, "पण मी ख्रिश्चन नाही."

"मीही नव्हतें," ती म्हणाली. "देवासाठीं विचारत नाहीं गे. बाकासाठीं विचारतें."

बाकाचं प्रकरण मला पहिल्याच रविवारी कळलं. सकाळची तमिळ उपासना, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, चपला बाहेर. अक्काबाई पदर डोक्यावर घेऊन पुढून तिसऱ्या बाकाच्या कडेला बसली आणि आम्हा मुलींना तिने आत सरकवलं: केरळची नर्स जिजी, भुवनेश्वरची एक अबोल मुलगी, मी आणि आणखी दोघी. बाक गच्च भरला. मग तिने मान वळवून सगळ्या चर्चवरून नजर फिरवली, आणि तेव्हा कुठे प्रार्थनेला डोळे मिटले. कीर्तन, म्हणजे इथलं तमिळ ख्रिस्ती गीत, सुरू झालं की ती कोपराने शेजारणीला ढोसायची, शेजारीण तिच्या शेजारणीला, आणि आम्ही पाचही जणी एकदम उभ्या राहायचो. आमच्यातली एकही ख्रिश्चन तमिळ नव्हती. जिजी ख्रिश्चन होती, पण तिचं चर्च वेगळं, आणि त्यासाठी ती संध्याकाळी पुन्हा जायची.

तिची गोष्ट थोडक्यात अशी. तंजावरच्या देशस्थ घरातली ही चंपा शिकायला मद्रासला आत्याकडे राहिली आणि रेल्वेत कारकून असलेल्या सामुवेलशी लग्न करून मोकळी झाली. बाप्तिस्म्याचं नाव एस्तर. तिच्या वडिलांनी घटश्राद्ध घातलं, म्हणजे जिवंत मुलगी मेली असं धरून पाण्याचा घट पायाने लवंडला आणि आंघोळ केली. "वडे चोखोट झाले होते म्हणे," ती हे सांगताना म्हणायची. "भाऊ फाटकाशीं येऊन सांगून गेला. आंत नाहीं आला. मेलेल्याच्या घरीं कोण येतो?"

आणि इकडे सामुवेलच्या घरचे. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ती चर्चमध्ये बायकांच्या बाजूला सासूच्या बाकावर जाऊन बसली. सासू उठली. नणंद उठली. मावश्या, चुलत्या एकेक करून उठल्या आणि मागे जाऊन बसल्या. सामुवेल पलीकडे पुरुषांत, तो काय करणार? ती एकटी त्या लांब बाकावर बसून राहिली, आणि पुढची कित्येक वर्षं बसली. मूलबाळ झालं नाही. सामुवेल गेल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर घरात मुली ठेवल्या. लोकांना वाटलं पोटापाण्यासाठी. पोटापाण्याला रेल्वेची पेन्शन होती. तिला बाक भरायचा होता.

त्यामुळे घरातला नियम एकच, पण पक्का. जी उपासनेला येईल तिलाच रविवारची न्याहारी. एका रविवारी ती भुवनेश्वरची मुलगी झोपून राहिली. आम्ही परत आलो तेव्हा ती डोळे चोळत टेबलाशी आली होती. अक्काबाईने तिच्या वाटच्या इडल्या ताटलीत घेतल्या, तिला हात धरून मागच्या अंगणात नेलं आणि एकेक इडली तोडून कुंपणाच्या भिंतीवर ठेवत गेली. कावळे आले. "बघ गे," ती म्हणाली, "ह्यांस उठवावें लागत नाहीं." मुलगी तिथेच उभी राहून रडली. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी तयार होऊन व्हरांड्यात बसली होती.

जीभ तर अशी की सुरीला धार लावायला न्यावी. जिजीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ही तिला म्हणाली, "तुझ्या आईनें तुज वाढवण्यापेक्षां म्हैस पाळली असती तर दूध तरी पदरांत पडलें असतें." मला ताप आला तर दाराशी उभं राहून ओरडली, "मरायचें तर गांवीं जाऊन मर, इथें पोलीस येतात!" तासाभराने दाराबाहेर झाकलेलं मिऱ्याचं रसम होतं. पण हे रसमचं सांगून मला तिला गोड करायची नाही. रसम चांगलंच होतं, आणि ती वाईटच होती.

त्या घरात मागच्या खोलीत आणखी एक म्हातारी राहायची: लिली टीचर, सामुवेलची बहीण, म्हणजे अक्काबाईची नणंद. जन्मभर शाळेत शिकवलेलं, लग्न केलेलं नाही. तोंडाला पावडर, हातात पंखा, बोलणं तमिळ आणि इंग्लिश. मराठीचा एक शब्द कानावर पडला की पंखा जोरात हलायचा. हीच ती, जी सासूच्या मागोमाग बाकावरून उठली होती. अक्काबाई कीर्तन म्हणायला लागली की दोन बाकं मागून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "भजन चाललंय, भजन. टाळ आणा." पन्नास वर्षांत तिने भावजयीला एकदाही अण्णी म्हटलं नव्हतं. थोरल्या भावाच्या बायकोला तमिळमध्ये अण्णी म्हणतात. ही तिला 'त्या बाई' म्हणायची.

दोघी एका घरात, एका टेबलावर, आणि एका गोष्टीवर टपलेल्या. ती गोष्ट म्हणजे नदीकाठच्या ख्रिस्ती स्मशानातलं सामुवेलच्या घराण्याचं थडगं. तिच्या भाषेत कल्लरै.

हे समजून घ्यायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. चेन्नईच्या जुन्या स्मशानांत आता नवी जागा उरलेली नाही. ज्यांचं घराण्याचं थडगं आहे त्यांनी तेच उघडायचं आणि आधीच्या माणसावर पुढचा ठेवायचा. पण एक माणूस ठेवला की चौदा वर्षं ते उघडायचं नाही. तिथे खाली सासरा, त्यावर सासू, त्यावर सामुवेल. दगडावर तिघांची नावं आणि खाली एका नावापुरती कोरी जागा. मी चेन्नईत आले त्या सुमारास सामुवेलची चौदा वर्षं भरली होती. म्हणजे आता एकीला जागा होती. दुसरी गेली तर तिची रवानगी शहराबाहेरच्या नव्या जागेत, जिथे भिंतीत खण केलेत आणि खणात शवपेटी सरकवून पुढून सिमेंट लावतात. "पोस्टाची पेटी," अक्काबाई म्हणायची.

तुम्हाला वाटेल, मग आधी मरेल तिची जागा. तसं नव्हतं. थडगं उघडायचं की नाही हे मागे राहील त्या घरच्या माणसाने सांगायचं. पहिला हक्क सामुवेलची बायको म्हणून अक्काबाईचा, तिच्यामागे लिली टीचरचा. म्हणजे जी मागे राहील तिच्या हाती किल्ली. दोघींनाही माहीत होतं की दुसरी आपल्याला आत घेणार नाही. म्हणून दोघींनाही मरायचं नव्हतं.

रोज सकाळी जिजी रुग्णालयात जायच्या आधी दोघींचं ब्लडप्रेशर बघायची. आपलं किती हे दोघीही विचारायच्या नाहीत. "तिचें किती?" अक्काबाई विचारायची. "त्या बाईंचं किती?" लिली टीचर विचारायची. नणंदेचं वाढलेलं असलं की अक्काबाई त्या दिवशी एक डोसा जास्त खायची. अंडी दोघींनी सोडलेली, मीठ दोघींनी सोडलेलं, आणि संध्याकाळी दोघी अंगणात उलट दिशांनी फेऱ्या मारायच्या. एकमेकींसमोरून जाताना लिली टीचर पंखा तोंडापुढे धरायची.

आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण होतो. लोक आपापल्या घरचं काही देवापुढे आणून ठेवतात, भोपळा, कोंबडी, केक, भरतकाम, आणि उपासनेनंतर मंडपात त्याचा लिलाव होतो. लिली टीचरने त्या वर्षी लेसचा एक टेबलक्लॉथ विणून दिला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी वर्षभर विणत बसली होती, कारण तिला तो वेदीवर घातलेला बघायचा होता. पाळकांची बायको वेदीसाठी बोली लावणार हे ठरलेलंच होतं. अक्काबाईने बोली लावली. पाळकीणबाईंनी वाढवली. अक्काबाईने पुन्हा वाढवली, आणि वाढवत नेली, इतकी की मंडपातले लोक टाळ्या वाजवायला लागले आणि पाळकीणबाई लाजून बसल्या. सगळ्यांना वाटलं, दोघींचं मिटलं. लिली टीचरसुद्धा पंखा मिटून बघत राहिली. तिच्या तोंडावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू पाहिलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी पाय पुसायला तो टेबलक्लॉथ घातलेला होता. ओला आणि आमच्या पायांच्या मातीने काळा. लिली टीचर काठी टेकत न्हाणीघराकडे आली, थांबली, वाकून बोटांनी चाचपलं. मग त्याच्यावर पाय न ठेवता बाजूने गेली. मी तो उचलून धुवायला घेतला तर अक्काबाई म्हणाली, "ठेव खालीं. माझा अहे तो. मी घेतलाय." मी ठेवला. काय करणार होते? जाऊन राहायला दुसरी जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तिची भीतीच वाटायची.

पण लिली टीचर बिचारी होती असं समजू नका. वर्षातून एकदा घराण्यांची थडगी साफ करून, चुना लावून, फुलं आणि मेणबत्त्या ठेवायचा दिवस असतो. सगळं स्मशान माणसांनी गजबजतं, पोरं पळतात, इडल्यांचे डबे उघडतात. त्या दिवशी नागरकोविलहून थॉमस यायचा, सामुवेलचा धाकटा भाऊ. सत्तरीचा, पांढरी पँट, शर्टाच्या खिशात चष्मा, हातात मेणबत्त्यांचा खोका. त्याला कोणी काही विचारायचं नाही आणि तोही कोणाला काही सांगायचा नाही. दोघी भांडायला लागल्या की तो केळ सोलायचा.

त्या वर्षी अक्काबाई दगडाच्या त्या कोऱ्या जागेवरून ओलं फडकं फिरवत होती. अगदी सावकाश, आपलं अंथरूण झटकावं तशी. लिली टीचर म्हणाली, सगळ्या शेजारच्या थडग्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तिथे काय पुसताय? तुमचं श्राद्ध तुमच्या बापाने केव्हाच घातलंय. मेलेल्या माणसाला पुन्हा कसली कबर?"

मला वाटलं आता अक्काबाई तिच्या झिंज्या धरते. तिने तसं काही केलं नाही. ती पुसत राहिली. फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. एवढ्या वर्षांत मी तिला उत्तर न देता बसलेली त्या एकाच दिवशी पाहिली, आणि मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. तिच्या जन्माच्या घरात तिचं नाव पुसलेलं, लग्नाच्या घरात कधी लिहिलेलंच नाही. दगडावरची ती वीतभर जागा सोडली तर जगात तिचं म्हणावं असं काही नव्हतं.

"आणि हा थॉमस?" शेजारच्या थडग्यावरच्या कोणीतरी विषय बदलायला विचारलं. "ह्याला नको जागा?"

"मला काय," थॉमस केळ्याचं साल खोक्यात ठेवत म्हणाला, "मला कुठेही चालेल."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लिली टीचर पडली. आधी न्यूमोनिया, मग मूत्रपिंडं. रुग्णालयाने घरी न्यायला सांगितलं. जिजी रजा घेऊन तिच्याजवळ बसायची. अक्काबाई दिवसातून तीनदा दाराशी येऊन "किती?" विचारायची आणि जायची.

एका दुपारी लिली टीचरने तिला बोलावलं. मी पाण्याचं भांडं घेऊन तिथेच होते, जिजी पायाशी. लिली टीचरच्या तोंडावर त्या दिवशी पावडर नव्हती, आणि पावडरीशिवाय ती कोणाचीही आजी वाटत होती. तिने दोन्ही हात जोडले. म्हणाली, "अण्णी."

अक्काबाई जागच्या जागी उभी राहिली.

"अण्णी, मला आईबापांजवळ ठेवा. त्या भिंतीत नको. मला कोंडल्यासारखं होतं."

अक्काबाईने पलंगाच्या कडेला बसून चादरीची घडी सारखी केली. मग तमिळमध्ये, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"अण्णी."

"पुन्हा."

"अण्णी," लिली टीचर म्हणाली. तिला धाप लागली होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. अक्काबाईचे डोळेही भरले होते, हे मी शपथेवर सांगेन. पन्नास वर्षं ती त्या शब्दाची वाट बघत होती. तिने पदराने नणंदेचे डोळे पुसले, मग आपले पुसले, आणि म्हणाली, "नाही."

आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

जिजीने तिच्यामागे जाऊन तिला काय काय ऐकवलं ते मल्याळममध्ये होतं, पण कळायला भाषेची गरज नव्हती. अक्काबाई चिंच कोळत राहिली. लिली टीचर दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

पाळक आले, समजावून थकले. थॉमस नागरकोविलहून आला, तो काहीच बोलला नाही. अक्काबाईचं एकच: कल्लरै उघडायची नाही. शेवटी भिंतीतला खण ठरला. चर्चमध्ये अंत्यविधीची उपासना झाली तेव्हा तिसऱ्या बाकावर आम्ही मुली होतो आणि कडेची जागा रिकामी होती. अक्काबाई आलीच नव्हती. पाळकांनी मला बाहेर बोलावून म्हटलं, जरा बघून या, म्हातारीला काही झालं तर नाही?

घराला कुलूप होतं. मी रिक्षा केली आणि थेट स्मशानात गेले. ती तिथेच असणार हे मला का वाटलं कोण जाणे. वैशाखाचं ऊन, सगळे दगड तापलेले, आणि घराण्याच्या थडग्यावर अक्काबाई मांडी घालून बसलेली. डोक्यावर काळी छत्री, बाजूला डबा आणि पाण्याची बाटली.

"अक्काबाई, चला. तिला तिकडेच नेतायत, भिंतीत. सगळं ठरलंय."

"ठरलेलें मोडतें. माझें लग्नच ठरलेलें मोडून झालें." तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. "अय्यर गोड बोलतो. गोड बोलून कुदळ घेऊन येईल. आलें तर माझ्यावर कुदळ मारूं दे."

"तुम्हाला ऊन लागेल हो!"

"लागूं दे. तूं जा. बाकावर जा, बाक रिकामा ठेवूं नको."

मी गेले नाही. शेजारच्या कडुनिंबाखाली बसून राहिले, मधूनमधून तिला पाणी दिलं. ऊन उतरल्यावर जिजीचा फोन आला की झालं, सिमेंट लावलं. मी ते सांगितलं. तिने विचारलं, "तूं पाहिलेंस?" मी म्हटलं, "जिजीने पाहिलं." तेव्हा तिने छत्री मिटली. उठायला गेली आणि तोल जाऊन दगडाच्या कडेवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं. अंगात ताप इतका की हात लावला तर चटका बसेल. रुग्णवाहिकेत ती बरळत होती, "राखली गे, राखली."

ती अतिदक्षता विभागात होती, शुद्धीवर नव्हती. थॉमस आमच्याकडेच राहिला होता, लिली टीचरच्या खोलीत. भावजय बरी होईपर्यंत थांबतो म्हणाला. सकाळी पेपर वाचायचा, दुपारी रुग्णालयात जाऊन काचेतून बघून यायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी मी ऑफिसला निघताना पाहिलं तर खुर्चीत मान कलती, पेपर मांडीवर, चष्मा खिशात. आवाज न करता गेला होता.

आता त्याला कुठे ठेवायचं? अक्काबाईला विचारता येत नव्हतं. लिली टीचर उरली नव्हती. तिसरा हक्क थॉमसचा, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाचा. मुलगा रात्रीच्या गाडीने आला. पाळकांनी विचारलं, घराण्याचं थडगं आहे, उघडायचं का? मुलगा म्हणाला, हो, उघडा, आजोबांचंच तर आहे. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं. पाळकांना माहीत होतं. त्यांनी वेळ घालवला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण या नागोबाने बीळ मागितलंही नव्हतं. त्याला कुठेही चालणार होतं.

कोऱ्या जागेवर त्याचं नाव कोरलं. दगड भरला.

अक्काबाईला पाळकांनीच सांगितलं, द्राक्षं घेऊन जाऊन, आधी प्रार्थना करून. मी आणि जिजी पलंगामागे उभ्या होतो. ती छताकडे बघत ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे सामुवेलच्या अंगावर?"

पाळक द्राक्षांची पिशवी उशाशी सरकवू लागले.

ती आमच्याकडे बघून मराठीत म्हणाली, "लहानपणींही हा त्याच्या अंगावर पाय टाकून झोपे. सामुवेल सांगे. त्यास झोप येत नसे." आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहत होते. ती हळू रडत होती, मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं तशीच.

मला सांगायला लाज वाटत नाही, जिजीला त्या दिवशी आनंद झाला. ती लपवतही नव्हती. "देव आहे," ती जिना उतरताना म्हणाली. मला आनंद झाला नाही. लिली टीचरचे ते जोडलेले हात मला विसरता येत नव्हते, तरीही झाला नाही.

घराण्याचं ते घर थॉमसच्या मुलाने अक्काबाईची सही घेऊन विकलं. आम्ही मुली पांगलो. मी पेरुंगुडीजवळच एका मोठ्या इमारतीत राहायला गेले, जिथे रविवारी कोणी उठवत नाही. अक्काबाईला कोवलमजवळच्या, म्हणजे केरळातल्या नव्हे, चेन्नईबाहेरच्या कोवलमजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. मी सहा-आठ महिने गेले नाही. मग एका रविवारी कोवलमची बस पकडली.

आश्रमाच्या हॉलमध्ये उपासना चालू व्हायची होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे, खिडकीतून मासळीचा वास. ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, पुढ्यात वॉकर. शेजारच्या खुर्चीवर छत्री, तिच्या पलीकडच्या खुर्चीवर पिशवी, तिच्या पलीकडच्या खुर्चीवर बायबल. एक म्हातारी तिथे बसायला आली तर हिने वॉकरने खुर्ची ठोकली. मला बघून छत्री उचलली.

"बैस. लठ्ठ झालीस."

"तुम्ही कशा आहात?"

"चोखोट अहें." आणि खरंच होती. अंग भरलं होतं, डोळे तेच. उपासना संपल्यावर तिने सगळं सांगितलं. सकाळी नाचणीची कांजी, साखर बंद, वॉकर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. आश्रमात कोणी गेलं तर ही अंत्यविधीला जात नाही. तोंडावर रुमाल बांधून खोलीत बसते, काय रोग असेल काय माहीत. खिडकीजवळची खाट गेल्या महिन्यात अशीच रिकामी झाली, ती हिने मागून घेतली. "आणि तिचें अंडेंही मजच देतात. सोडलें होतें, आतां खातें. ताकद पाहिजे."

"कशाला?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी झोपून राहिलेली ती भुवनेश्वरची मुलगी.

"थॉमसची चौदा वर्षें भरायचीं अहेत," ती म्हणाली. "मग उघडेल. रामानें काढलीं वनांत, सीतेनें काढलीं. मी आश्रमांत नाहीं काढणार?"

ती तेव्हाच ऐंशीच्या पुढे होती. दगडावर आता जागा नाही हे मी तिला सांगितलं नाही. तिने त्याचाही विचार केला असणार, मागच्या बाजूला कोरतील म्हणाली असती. मला तिचा राग येत होता, लिली टीचरसाठी, त्या टेबलक्लॉथसाठी, जिजीसाठी. आणि तरी मनातून मी म्हणत होते, जग बाई, जग.

बसची वेळ झाली म्हणून उठले. पाया पडायला वाकले तर तिने माझं मनगट धरलं. पकड लोखंडासारखी.

"तूं तोंवर मरूं नको," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या गांवीं बदली घेऊं नको. त्या केरळच्या म्हशीसही सांग. त्या दिवशीं देवळांत बाकावर कोणी पाहिजे."

मी हो म्हटलं. फाटकातून वळून बघितलं तर ती व्हरांड्यात वॉकर पुढे ढकलत फेऱ्यांना लागली होती, आणि वाटेत खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला बाजूला हो म्हणून ओरडत होती.